चार वह्यांचा एक पडदा

सोलापूरच्या पूर्व भागात टॉवेल तयार होईपर्यंत त्याचं माप चार-पाच वेळा बदलतं. सूत येतं किलोवर. ताण्याचा बीम भरतात मीटरवर. शिलाईत नग मोजतात, बांधणीत डझन आणि निर्यातीच्या कागदावर पुन्हा किलो. भवानी पेठ, घोंगडे वस्ती, मड्डी वस्ती या पट्ट्यात माग, शिलाई आणि कचेरी कित्येकदा एकाच इमारतीत असतात; तरी प्रत्येक खोलीची वही वेगळी आणि वहीतलं एककही वेगळं.

म्हणून इथल्या कारखानदाराला पडणारा सगळ्यात साधा प्रश्नच सगळ्यात अवघड ठरतो: गेल्या महिन्यात कुठल्या टॉवेलानं कमावून दिलं आणि कुठल्यानं खाल्लं?

विक्रीचा आकडा टॅलीत असतो. उत्पादनाचा आकडा मागखात्याच्या रजिस्टरात, किंवा मुकादमानं व्हॉट्सअॅपवर धाडलेल्या फोटोत. विजेचं बिल महावितरणकडे, कराची जुळणी जीएसटी पोर्टलवर. ऑनलाइन विकलेल्या मालाचा हिशेब अॅमेझॉन किंवा फ्लिपकार्टच्या विक्रेता-खात्यात पडून असतो आणि त्यातून कमिशन, वाहतूक, परत आलेला माल असं बरंच काही आधीच वजा झालेलं असतं. यातली प्रत्येक वही आपापल्या जागी बरोबर असू शकते. प्रश्नाचं उत्तर मात्र एकाही वहीत नसतं. ते दोन-तीन वह्या शेजारी ठेवल्याशिवाय निघत नाही.

हे शेजारी ठेवण्याचं काम करणारी साधनं गेल्या वीस वर्षांत स्वस्त आणि सोपी झाली. पॉवर बीआय, टॅब्लो, लुकर स्टुडिओ, झोहो अॅनालिटिक्स, मेटाबेस, सुपरसेट अशी त्यांची नावं. त्यांतून एका पडद्यावर जे चित्र उभं राहतं त्याला डॅशबोर्ड म्हणतात. विक्रेता दाखवायला येतो तेव्हा तो पडदाच दाखवतो: फिरणारे आलेख, रंगीत नकाशा, बोट लावलं की उघडणारा तपशील. पण साधन निवडताना पडद्याला शेवटचे गुण द्यावेत. आधी पाहायचं ते असं, की हे साधन आपल्या वह्यांपर्यंत पोचतं का, त्या एकमेकींशी जुळवतं का आणि जुळल्या नाहीत तर तसं सांगतं का.

अकरा ग्रॅमची चोरी

टेरी टॉवेलात दोन ताणे असतात. एक पाया धरतो, दुसऱ्याचे फासे वर येऊन पाणी टिपतात. या दुसऱ्या ताण्याचा ताण थोडा ढिला झाला की फासा उंच होतो, टॉवेल अधिक मऊ लागतो आणि वजन वाढतं. डोळ्यांना फरक कळत नाही. वजनाचं माप जीएसएम, म्हणजे एका चौरस मीटरला किती ग्रॅम.

७५ बाय १५० सेंटिमीटरचा टॉवेल घेतला तर त्याचं क्षेत्रफळ १.१२५ चौरस मीटर होतं. ग्राहकानं ४०० जीएसएमचा माल मागितला असेल, तर एका टॉवेलाचं वजन ४५० ग्रॅम भरलं पाहिजे. मागावर ते ४१० जीएसएमनं विणलं गेलं, तर प्रत्येक टॉवेलात सव्वाअकरा ग्रॅम सूत जास्त जातं. दहा हजार नगांच्या ऑर्डरीत एकशे साडेबारा किलो सूत फुकट गेलं. ग्राहक पैसे देतो नगाचे.

हे नुकसान टॅलीत दिसणार नाही, कारण तिथं सुताची खरेदी एका खात्यात आणि टॉवेलांची विक्री दुसऱ्या खात्यात आहे. मागखात्यातही दिसणार नाही, कारण तिथं मीटर मोजले जातात. ते दिसतं ते वजनकाट्याची नोंद, ऑर्डरीतलं ठरलेलं जीएसएम आणि त्या दिवशीचा सुताचा भाव या तिन्ही गोष्टी एका ओळीत आल्यावर. एवढी एक ओळ उभी करून दाखवता येत नसेल, तर डॅशबोर्डावर बारा आलेख असले तरी कारखानदाराच्या हाती नवं काही पडलेलं नसतं.

त्यामुळे साधनांची यादी करण्याआधी प्रश्नांची यादी करावी लागते, आणि ती लहान असलेली बरी. कुठल्या मालाचं वजन ठरल्यापेक्षा जास्त जातंय? कुठल्या पार्टीकडे पंचेचाळीस दिवसांपलीकडची उधारी आहे? एका किलो मालामागे वीज किती लागली? दुसरा प्रश्न आता कराशीही बांधलेला आहे. आयकर कायद्यातल्या ४३बी(एच) या तरतुदीनं १ एप्रिल २०२४ पासून सूक्ष्म आणि लघू उद्योगांची देणी मुदतीत चुकती करणं माल घेणाऱ्याच्या हिताचं केलं. लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवस, नसेल तर १५. ती पाळली नाही, तर त्या खर्चाची वजावट प्रत्यक्ष पैसे देईपर्यंत लांबते. म्हणजे पेठेतल्या कारखान्याला दोन याद्या लागतात: कोणाकडून येणं आहे आणि कोणाचं देणं लांबतंय.

खोली देखणी, उपयोग तारेचा

अनेक ठिकाणचे आकडे एका जागी आणून राज्यकारभार हाकायचा एक मोठा प्रयोग इंटरनेटच्याही आधी झाला होता. साल्वादोर आयेंदे यांच्या सरकारनं १९७१ मध्ये चिलीत ‘सायबरसिन’ हा प्रकल्प हाती घेतला. ब्रिटिश व्यवस्थापनतज्ज्ञ स्टॅफर्ड बीर त्याचे शिल्पकार. सरकारी कारखान्यांतून रोजचे आकडे टेलेक्सनं राजधानीत यायचे, एका संगणकावर त्यांची छाननी व्हायची आणि षटकोनी खोलीत मांडलेल्या सात खुर्च्यांवर बसून अधिकाऱ्यांनी भिंतीवरचे पडदे पाहत निर्णय घ्यायचे, अशी योजना होती. त्या खोलीचे फोटो आजही फिरतात.

प्रकल्पाचा खरा कस लागला ऑक्टोबर १९७२ मध्ये, ट्रकमालकांच्या संपात. त्या वेळी सरकारच्या कामी आलं ते टेलेक्सचं जाळं: कुठला रस्ता मोकळा आहे, कुठे माल अडकलाय, कुठे गाडी उपलब्ध आहे, हे निरोप त्या तारांवरून धावले. सप्टेंबर १९७३ च्या लष्करी उठावात सरकारही गेलं आणि प्रकल्पही.

पडदा चांगला आणि वाहिनी कच्ची असेल तर काय होतं, याचं अगदी अलीकडचं उदाहरण इंग्लंडचं. २०२० च्या साथीत खासगी प्रयोगशाळांचे चाचणी-अहवाल एकत्र करून ते राष्ट्रीय आकडेवारीत चढवले जात होते. मधल्या टप्प्यावर एक्सेलचं जुनं स्वरूप वापरलं गेलं, आणि त्या स्वरूपात एका पानावर ६५,५३६ पेक्षा जास्त ओळी मावत नाहीत. मावल्या नाहीत त्या गळाल्या. २५ सप्टेंबर ते २ ऑक्टोबर या काळातले १५,८४१ रुग्ण दैनिक आकड्यांत आलेच नाहीत आणि त्यांच्या संपर्कातल्या लोकांचा शोधही लांबला. देशाचा डॅशबोर्ड त्या आठवड्यात नेहमीसारखाच नीटनेटका दिसत होता.

सोलापूरनं असाच अनुभव त्याआधी घेतला होता. जून २०२० मध्ये शहरातल्या ४० कोरोना मृत्यूंची नोंद अधिकृत आकड्यात राहून गेल्याचं महापालिकेनं जाहीर केलं. रुग्णालयांकडून माहिती वेळेत आलीच नव्हती. त्याच महिन्यात, १६ जूनला, राज्याच्या मृत्यूसंख्येतही मागचे १,३२८ मृत्यू एकदम मिळवावे लागले आणि त्यांतले ८६२ एकट्या मुंबईतले होते. रुग्णालय, प्रयोगशाळा, महापालिका आणि जिल्हा प्रशासन अशा वेगवेगळ्या यंत्रणांच्या याद्यांचा ताळा बसायला काही आठवडे गेले.

साथीतल्या या तिन्ही प्रसंगांत एक गोष्ट समान आहे. जो आकडा आलाच नाही, तो पडद्यावर शून्य म्हणून दिसतो किंवा मुळीच दिसत नाही. ‘आला नाही’ असं मात्र दिसत नाही. म्हणून साधन तपासताना एक स्रोत मुद्दाम बंद करून पाहावा. मागखात्याची फाइल एक दिवस चढवूच नये. दुसऱ्या दिवशी पडद्यावर ‘उत्पादन शून्य’ असं आलं, तर ते साधन किंवा त्याची मांडणी अजून कामाची नाही. ‘मागखात्याची शेवटची नोंद परवाची’ असं ठळक अक्षरांत आलं, तर पुढे बोलता येईल.

उणे टक्के म्हणजे किती पाणी?

सोलापूरकरांना व्याख्येचं महत्त्व वेगळं सांगावं लागत नाही. दर उन्हाळ्यात वर्तमानपत्रांत उजनी धरणाचा आकडा ‘उणे’ झाल्याची बातमी येते. बाहेरगावच्या माणसाला ते कोडंच वाटतं, कारण धरणात पाणी तर दिसतंय. उलगडा असा: उजनीची एकूण साठवण सुमारे ११७ टीएमसी, पण तिच्यातला साडेत्रेसष्ट टीएमसीच्या आसपासचा भाग मृतसाठा मानला जातो आणि उपयुक्त साठा फक्त साडेत्रेपन्न टीएमसीच्या घरात भरतो. टक्केवारी काढतात ती या उपयुक्त साठ्यावर. तो संपला की शून्य, आणि मृतसाठ्यातून पाणी जायला लागलं की उणे.

धरण ‘उणे ५० टक्के’ असतं तेव्हा त्यात अजून सुमारे ३७ टीएमसी पाणी असतं. एकूण साठवणीशी तुलना केली तर तेच पाणी ३१ टक्के भरतं. दोन्ही आकडे खरे. पण एका पडद्यावर एक आणि दुसऱ्यावर दुसरा आला, तर बैठकीतला निम्मा वेळ कुणाचा आकडा बरोबर यातच जाणार.

शहराला यापुढचाही प्रश्न पडतो. काही दिवसांआड येणारं पाणी आमच्या भागात नेमकं कधी येणार? त्याचं उत्तर धरणाच्या पातळीत नाही. सुमारे ११० किलोमीटरवरून येणारी जलवाहिनी, टाक्यांमधली पातळी, झडपा उघडण्याचं वेळापत्रक आणि वीज गेली का, या सगळ्यांतून ते निघतं. केंद्राच्या स्मार्ट सिटी मोहिमेच्या पहिल्या वीस शहरांत सोलापूर होतं. जानेवारी २०१६ मध्ये जाहीर झालेल्या त्या यादीत ते नवव्या क्रमांकावर होतं. मोहिमेतल्या शंभरही शहरांत एकात्मिक नियंत्रण केंद्रं उभी राहिली. अशा केंद्राचं मोल ठरवताना भिंतीवर किती पडदे आहेत यापेक्षा घोंगडे वस्तीतल्या नळाचं उत्तर त्यातून मिळतं का, हे विचारायला हवं.

कारखान्यातही हेच. ‘विक्री’ म्हणजे बिल फाडलं तो दिवस, माल निघाला तो दिवस की पैसे आले तो दिवस? ‘उत्पादन’ म्हणजे मागावरून उतरलेले मीटर की तपासणीत पास झालेले नग? सेकंड माल त्यात धरायचा का? ही उत्तरं एका पानावर लिहून मालक, दिवाणजी आणि मुकादम या तिघांची त्यावर संमती घेतली, तर साधन कुठलंही असो, अर्धं काम उरकतं.

लक्ष्मीची तीन स्पेलिंगं

वह्या एकमेकींशी जुळवायच्या तर दोन्हीकडे सारखी असलेली एक खूण लागते. आयबीएममध्ये काम करणाऱ्या एडगर कॉड यांनी १९७० मध्ये मांडलेल्या सिद्धांतावर आजचे बहुतेक माहितीसाठे उभे आहेत, आणि त्यात ही खूण मध्यवर्ती आहे. तिला ‘की’ म्हणतात. सोलापुरात ती सापडणं विशेष कठीण, कारण शहर मराठी, तेलुगू आणि कन्नड या तिन्ही भाषांत बोलतं आणि हिशेब बहुतेक इंग्रजीत लिहितं. लक्ष्मी हे नाव कुणी ‘एक्स’ घालून लिहितो, कुणी ‘केएसएच’, कुणी शेवटी दोनदा ‘ई’ लावतो. माणसाला ती एकच पार्टी आहे हे कळतं. संगणकाच्या लेखी ते तीन वेगळे ग्राहक होतात आणि तिघांचीही उधारी मर्यादेतच दिसते.

यावर हाताशी असलेला उपाय म्हणजे जीएसटी क्रमांक. १ जुलै २०१७ पासून लागू झालेल्या या करानं प्रत्येक नोंदणीकृत व्यापाऱ्याला पंधरा अक्षरांची ओळख दिली. पहिले दोन अंक राज्याचे: महाराष्ट्र २७, कर्नाटक २९, तेलंगण ३६, आंध्र ३७. पुढची दहा अक्षरं पॅन क्रमांकाची आणि अगदी शेवटचं अक्षर पडताळणीचं. सोलापूरच्या व्यापाऱ्याला यात आयतीच दोन कामं होतात. पार्टी नक्की कोण ते कळतं आणि माल कुठल्या राज्यात गेला तेही. एकाच मालकाची हैदराबाद आणि विजापूर इथली दुकानं वेगळी मोजायची तर पूर्ण क्रमांक, एकत्र मोजायची तर मधला पॅन.

नोंदणी नसलेला जॉब वर्कवाला किंवा किरकोळ गिऱ्हाईक यात बसत नाही. त्यांच्यासाठी कारखान्यानं स्वतःचा क्रमांक द्यावा आणि तो एकाच यादीत ठेवावा. मालाचंही तसंच. टॅलीत ‘टॉवेल ३० बाय ६० पांढरा’, ऑनलाइन दुकानात इंग्रजी-आकडी कोड आणि मागखात्यात फक्त डिझाइन नंबर असेल, तर या तिघांना बांधणारी एक सारणी कुणीतरी बसून करावीच लागते. कुठल्याही कंपनीचं सॉफ्टवेअर हे काम आपोआप करून देत नाही. आठवडाभराचं कंटाळवाणं काम आहे आणि सगळ्या खटाटोपात सर्वांत जास्त परतावा देणारंही हेच.

प्रत्येक वहीचं घड्याळ वेगळं

टॅलीतली नोंद केल्या क्षणी दिसते. ऑनलाइन विक्रीचा हिशेब ठरावीक दिवसांच्या अंतरानं चुकता होतो. विजेचं बिल महिन्यातून एकदा येतं. पुरवठादारांच्या बिलांवर मिळणाऱ्या कर-वजावटीचं ‘२बी’ विवरण जीएसटी पोर्टलवर पुढच्या महिन्याच्या १४ तारखेला तयार होतं. ही चार घड्याळं एका पडद्यावर आणून त्याला ‘लाइव्ह’ म्हणणं दिशाभूल करणारं आहे. ज्या दिवशी पडदा पाहिला त्या दिवशी त्यातला सगळ्यात जुना आकडा किती जुना आहे, ते पडद्यावरच लिहिलेलं असावं.

मागची नोंद बदलण्याची मुभा ही आणखी एक अडचण. मार्च महिन्याचं बिल मे महिन्यात दुरुस्त झालं की मार्चची विक्री बदलते. एप्रिलमध्ये मालकानं पाहिलेला आकडा जूनमध्ये तोच राहत नाही आणि विश्वास डॅशबोर्डावरून उडतो. कंपनी म्हणून नोंदलेल्या संस्थांना १ एप्रिल २०२३ पासून असे बदल टिपून ठेवणारं हिशेबी सॉफ्टवेअर वापरणं बंधनकारक झालं. पेठेतले बरेच व्यवहार मालकी किंवा भागीदारीत चालतात, त्यांना ते बंधन नाही. तरी महिना बंद करताना त्या दिवसाच्या आकड्यांची प्रत वेगळी काढून ठेवता येईल असं साधन निवडलेलं बरं.

बाजारातली माणसं ओळखून घेताना

आता साधनांकडे वळता येईल. त्यांचे ढोबळमानानं दोन गट पडतात: वेगवेगळ्या वह्या स्वतःच्या पोटात घेऊन जुळवणारी, आणि वह्या आधीच एका माहितीसाठ्यात जुळवून ठेवल्या आहेत असं गृहीत धरणारी. विक्रेत्याच्या माहितीपत्रकात हा फरक क्वचितच ठळक असतो.

पहिल्या गटात सगळ्यात आधी एक्सेलच येतं. १९७९ मध्ये आलेल्या व्हिसिकॅल्कनं रकान्यांची वही संगणकावर आणली. आजच्या एक्सेलमध्ये ‘पॉवर क्वेरी’ नावाची सोय आहे आणि २०१६ च्या आवृत्तीपासून ती आतच बसवलेली आहे. फोल्डरात टाकलेल्या फायली उचलणं, रकाने साफ करणं, दोन याद्या जोडणं हे सगळं एकदा शिकवलं की पुढच्या महिन्यात एका बटणावर होतं. एका पानावर आता १०,४८,५७६ ओळी मावतात. एका शेडचा कारखाना, एक दिवाणजी आणि महिन्याला एक बैठक एवढ्यासाठी वेगळं काही घेण्याची गरज बहुधा नसते.

पॉवर बीआय हे त्याच घरातलं मोठं भावंड. मायक्रोसॉफ्टनं ते जुलै २०१५ मध्ये सर्वांसाठी खुलं केलं. संगणकावर चालणारी आवृत्ती फुकट आहे, पण फक्त विंडोजवर चालते, आणि तयार केलेलं पान इतरांना दाखवायचं तर सहसा माणशी परवाना लागतो. साध्या प्रो परवान्यात दिवसातून आठ वेळा ताजे आकडे आपोआप घेता येतात. कारखान्यातल्या संगणकावरचे आकडे इंटरनेटवर न्यायला ‘गेटवे’ नावाचा छोटा प्रोग्राम तिथं सतत चालू ठेवावा लागतो.

इथं टॅलीचा स्वभाव माहीत असावा लागतो. १९८६ पासून बंगळूरच्या गोयंका पिता-पुत्रांनी वाढवलेलं हे सॉफ्टवेअर बाहेरच्या साधनांना ओडीबीसी आणि एक्सएमएल या मार्गांनी माहिती देतं, पण त्यासाठी टॅली उघडी आणि कंपनी लोड केलेली असावी लागते. दिवाणजींनी संध्याकाळी टॅली बंद करून संगणकाचं बटण दाबलं, की मध्यरात्रीची ताजी माहिती घ्यायला आलेला प्रोग्राम रिकाम्या हातानं परत जातो. जोडणीची वेळ संध्याकाळी सहाची ठेवणं हा त्यावरचा बिनखर्चाचा उपाय.

गुगलचं डेटा स्टुडिओ २०१६ मध्ये आलं आणि ऑक्टोबर २०२२ मध्ये त्याचं नाव लुकर स्टुडिओ झालं. मूळ रूपात ते फुकट असून गुगल शीट्स, जाहिरातींचे आकडे, संकेतस्थळावरची वर्दळ यांच्याशी लगेच जोडलं जातं. मुकादमानं मोबाइलवरून शीटमध्ये भरलेली पाळीची नोंद पाहायला ते उत्तम. मात्र एका जोडणीत जास्तीत जास्त पाच सारण्या घेता येतात आणि गुंतागुंतीची जुळणी तिथं लवकर अडखळते. टॅब्लो २००३ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या संशोधनातून जन्मलं आणि २०१९ मध्ये सेल्सफोर्सनं विकत घेतलं. आकड्यांशी खेळत नवे प्रश्न शोधणाऱ्या विश्लेषकाच्या हाती ते खुलतं. असा माणूस नसेल तर परवान्याचे पैसे वाया जातात. चेन्नईच्या झोहोचं अॅनालिटिक्स देशी लहान उद्योगांना परिचित आहे आणि झोहोचीच बिलिंग किंवा ग्राहकनोंदीची साधनं आधीपासून वापरात असतील तर सोयीचं पडतं.

दुसऱ्या गटात मेटाबेस आणि सुपरसेट ही मुक्त-स्रोत साधनं. सुपरसेटची सुरुवात २०१५ मध्ये एअरबीएनबी कंपनीत मॅक्सिम बोशमिन यांनी केली. ही दोन्ही फुकट मिळतात, पण दोन वेगवेगळ्या माहितीसाठ्यांतल्या सारण्या ती सहजी जोडत नाहीत. टॅली, मागखातं आणि ऑनलाइन विक्री आधी एका पोस्टग्रेससारख्या साठ्यात आणणं हे काम दुसऱ्या कुणीतरी करायचं असतं. परवान्याचे वाचलेले पैसे प्रोग्रामरच्या पगारात जातात. पुण्याच्या किंवा सोलापूरच्याच एखाद्या संगणक पदवीधराला महिन्यातून काही दिवस बांधून घेता येत असेल तर हा सौदा चांगला; नाहीतर पहिली अडचण आली की पडदा तसाच गोठतो. ग्राफानाचं क्षेत्र वेगळं. टोर्केल ओडेगार्ड यांनी २०१४ मध्ये सुरू केलेलं हे साधन क्षणाक्षणाला येणाऱ्या आकड्यांसाठी आहे: मागावर बसवलेला संवेदक, विजेचा मीटर, कॉम्प्रेसरचा दाब. स्वयंचलित मागांच्या शेडमध्ये त्याचा उपयोग, पण उधारीच्या यादीसाठी ते घेऊ नये.

आणखी एक कसोटी बहुतेक जण विसरतात: साधन बंद पडलं तर आपली माहिती आणि आपली सूत्रं बाहेर काढता येतात का? सॅप कंपनीचं एक्ससेल्सियस हे साधन एकेकाळी देखण्या डॅशबोर्डांसाठी प्रसिद्ध होतं. त्याचे पडदे अडोबीच्या फ्लॅशवर चालत. ३१ डिसेंबर २०२० ला फ्लॅशचा आधार संपला आणि जगभरच्या कचेऱ्यांतले ते पडदे पुन्हा नव्यानं बांधावे लागले. जुळणीचे नियम, पार्टीची यादी, मालाची सारणी या गोष्टी साधनाच्या बाहेर, साध्या फायलीत ठेवलेल्या असल्या तर असा धक्का सोसतो.

कामगारांची मजुरी, मोबाइल क्रमांक, बँक खाती या गोष्टी पडद्यावर येऊ लागल्या की जबाबदारीही येते. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षणाचा कायदा ऑगस्ट २०२३ मध्ये झाला आहे. मुकादमाला त्याच्या खात्याचेच आकडे दिसावेत, मजुरीचा तपशील ठरावीक माणसांपुरताच राहावा, अशी ओळीनिहाय बंधनं घालता येणं ही चैन राहिलेली नाही.

परीक्षा कुठल्या महिन्याची घ्यावी

दोन साधनं शेवटच्या यादीत उरली की दोघांनाही एकच काम द्यावं: बंद झालेल्या एका महिन्याचं एक पान. उत्तर दिवाणजींना आधीच माहीत असतं, त्यामुळे विक्रेत्याला हातचलाखी करता येत नाही. बेरीज पैशापर्यंत जुळली का? जुळली नसेल तर फरक कुठल्या बिलात आहे तिथपर्यंत खाली उतरता येतं का? एखाद्या फायलीतल्या रकान्याचं नाव बदललं तर कारखान्यातलं माणूस ते दुरुस्त करू शकतं का, की दर वेळी फोन लावावा लागतो?

वस्त्रोद्योगासाठी या परीक्षेला सप्टेंबर २०२५ हा महिना घ्यावा. त्या महिन्याच्या २२ तारखेला जीएसटीचे दर बदलले. त्याआधी चादरी-टॉवेलांच्या वर्गात नगाला एक हजार रुपयांपर्यंत ५ टक्के आणि त्यावर १२ टक्के कर होता. नंतर अडीच हजारांपर्यंत ५ टक्के आणि त्यावर १८ टक्के झाला. १,४०० रुपयांची चादर २१ तारखेला करासकट १,५६८ रुपयांना गेली आणि २२ तारखेला १,४७० रुपयांना. डॅशबोर्ड जर बिलाची एकूण रक्कम हीच विक्री समजत असेल, तर एकही नग कमी न विकता तो सव्वासहा टक्क्यांची घसरण लाल रंगात दाखवेल. मालाची किंमत आणि कर हे वेगळे रकाने ठेवणारं, प्रत्येक दराला ‘या तारखेपासून या तारखेपर्यंत’ अशी मुदत लावता येणारं आणि २१ व २२ तारखेची बिलं शेजारी ठेवून हा फरक उलगडून दाखवणारं साधन त्या दोघांतलं जे असेल, ते घ्यावं.